पहिल्या वर्षाची चूक कुणाची

आन् वरून मलाच विचारतात, मॅडमचं प्रशिक्षण झालंय ना, मग त्या चुकल्या कशा? गुरुजी, आता ह्या माणसांना काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. प्रशिक्षण झालंय म्हणे. कुठं झालं, तर दौंडला हॉलमधी, पंख्याखाली. पडद्यावर चित्रं दाखवली, चहा-बिस्कीट दिलं, शेवटी सगळ्यांना उभं करून फोटो काढला आन् हातात कागद दिला. मी त्या पोरीला विचारलं, काय शिकवलं गं तिथं? ती म्हटली, "काकू, वर्गात आनंददायी वातावरण तयार करा म्हणून सांगितलं." म्हटलं, बरं, मग? म्हटली, "मग जेवण झालं." ह्याला प्रशिक्षण म्हणायचं आन् त्यावर गावानं तिला फाडून खायचं. मी कुणापुढं ओरडू? घरात ओरडले तर सून म्हणती, आत्याबाई, तुमचं बीपी वाढंल. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखालची पोरं आता नातवंडं शाळेत सोडायला येतात, तरी माझं भांडण काढायला तुमच्याबिगर कोण न्हाई. अक्षर बघू नका. चौथीपर्यंतच शिकवलंत, पुढं आमच्या आबांनी न्हाई धाडलं, त्यामुळं जे येतंय ते तुमचंच हाय.

मी कोण ते वळखलं असंल. खालच्या आळीची, कायम पुढं पुढं करणारी, तोंडानं फटकळ. लग्न गावातच झालं, वरच्या आळीला दिली, त्यामुळं शाळा सुटली तरी शाळेचं आवार काही सुटलं न्हाई. आता तिथंच पोरांची दुपारची खिचडी शिजवते. तुमच्या वर्गाला फरशी बसली, भिंतीवर गाडी-इमान-हत्ती सगळं रंगवलंय, नळ आलाय. आन् शिकवायला एक पोरगी हाय, चार वर्गांना मिळून एकटी. दिवाळीच्या आधी आली. पार यवतमाळकडची. ऑनलाईन भरतीत नंबर लागला, नकाशात बघून आली बिचारी. ती आली आन् पंधरा दिवसांत मोठे सर बदलून शिरूरकडं गेले. दुसरं कुणी आलं न्हाई. वरवंडला खोली घेऊन राहती, स्कूटीवर येती, डब्यात पोळी आन् लोणचं. बोलणं त्यांच्याकडचं, "मले", "तुले". पोरं आधी हसली, मग तसंच बोलायला लागली. माझा नातू घरी येऊन म्हणतोय, "आजी, मले भूक लागून राहिली." मी म्हटलं, राहू दे लागून, आधी हात धू.

चांगली हाय ओ पोरगी. तशी माझी जीभ कुणाला चांगलं म्हणायला वळत न्हाई, तुम्हाला ठावं हाय. पण पहिलीची पोरं एकीकडं रडतायत, चौथीची दुसरीकडं डोकी फोडतायत, आन् ही मधी उभी. पहिल्या महिन्यातच तिचा आवाज बसला. मी तिला आल्याचा काढा दिला. ह्यापलीकडं मी काय देणार? शिकवायचं कसं हे मला काय कळतंय? मला मीठ किती घालायचं ते कळतंय. चार इयत्ता एका खोलीत कशा बसवायच्या हे जे तुम्ही करत होता, एकीकडं पाढे, एकीकडं चित्र, मोठ्या पोरीला बारक्यांपुढं उभी करायची, ते सगळं मी डोळ्यानं बघितलंय, पण तिला सांगायला गेले तर तोंडातनं काहीच येईना. बघितलेलं सगळं सांगता येत असतं तर मीच मास्तरीण झाले असते.

आन् ज्यांनी सांगायचं ते कुठं हायत? ह्या भागातल्या शाळा ज्यांच्याकडं असतात त्या केंद्राच्या साहेबांना म्हणे तिचं मार्गदर्शक नेमलंय. मेंटर का काय म्हणतात. ते एकदा आले. चप्पल पायातच. म्हटले, "मॅडम, कसं काय? काही अडचण?" तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलत बोलतच गाडीकडं गेले आन् काचेतनं म्हटले, "तुम्ही असं करा, भेटीचा फोटो ग्रुपवर टाका." झाली भेट. पोरीनं फोटो टाकला. साहेबांनी त्याला अंगठा दाखवला. मी तवा भांडी घासत होते. मनात म्हटलं, आमचे गुरुजी असते तर ह्या साहेबाला माठ भरायला लावला असता.

माठावरून आठवलं, तुमच्याशी माझं एक जुनं भांडण हाय ते आज सांगतेच. मी तिसरीत होते. कोकणातला तो नवा मास्तर आला होता, केसाला तेल लावून चप्प भांग पाडायचा. तुम्ही त्याला किती दिवस शिकवूच दिलं न्हाई. मागं आमच्यात बसवला. आम्ही मागं वळून वळून बघायचो, एवढा मोठा माणूस मांडी घालून बसलाय आन् तुम्ही शिकवताय ते वहीत उतरवतोय. रविवारी तुम्ही त्याला घेऊन वस्त्या फिरायचा. हे घर कुणाचं, ह्यांची माणसं कारखान्याला कवा जातात, मेंढरं घेऊन कोण दिवाळीनंतर खाली कोकणात उतरतं, मग त्यांचं पोरगं चार महिने दिसणार न्हाई, त्याला गैरहजर मांडून नाव काढायचं न्हाई, आलं की मांडीवर घेऊन पुन्हा सुरू करायचं. कुणाला आप्पा म्हणायचं, कुणाच्या दारात चहाला न्हाई म्हणायचं न्हाई. आमच्या दारात आला तवा माझ्या आईनं त्याला भाकरी आन् मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यातनं पाणी काढत त्यानं सगळा खाल्ला, कारण तुम्ही शेजारी बसून खात होता.

तर त्या मास्तरनं एक दिवस आम्हाला कबड्डीचं मैदान आखून द्यायचं काढलं. फक्कीची पिशवी आणली. मैदानाच्या मधोमध लिंबाखाली एक दगड. शेंदूर कवाचा उडालेला. त्यानं तो उचलला आन् कुंपणाकडं ठेवून दिला. म्हसोबा होता तो! मी समोर उभी. दुपारपर्यंत गाव गोळा झालं. आमचे थोरले आबा काठी आपटत पुढं. "कुणी हात लावला म्हसोबाला?" मास्तर पांढराफटक. आन् तुम्ही वर्गातनं बाहेर आलात, हाताचा खडू झटकत, आन् म्हटलात, "मी सांगितलं उचलायला." आबा म्हणतायत, "गुरुजी, तुम्ही? आन् असं?" तुम्ही म्हणताय, "व्हय, मीच. चुकलं माझं. बोलायचं ते मला बोला." मग तुम्ही जे बोललात ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "हे पाहुणे ह्या गावात नवे हायत. वर्षभर ह्यांच्या हातनं जे चुकंल ते माझ्या नावावर. पुढच्या वर्षीपासून ह्यांच्या नावावर. चालंल का?" कुणीतरी मागनं म्हटलं, "मग गुरुजी, ह्या वर्षी तुमचं काय खरं न्हाई." आन् सगळे हसले. दगड मास्तरनंच जागेवर नेऊन ठेवला, तुम्ही शेंदूर लावलात, मैदान बाजूला सरकलं. संपलं.

पण मी मधीच वरडले होते ना, "गुरुजी खोटं बोलतायत! मी बघितलंय, नव्या मास्तरनं उचलला!" मी खरंच बोलत होते. आन् तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हटलात, "तुझे डोळे लई चांगले हायत गं. जा, त्या डोळ्यांनी माठ भरलाय का बघून ये." गाव खो खो हसलं. मला किती राग आला होता माहीत हाय? पार लग्न होऊन पोरं झाली तरी तो राग होता. खरं बोलणाऱ्याला माठाकडं धाडायचं आन् खोटं बोलणाऱ्याला गुरुजी म्हणायचं, ही कुठली रीत? आता ह्या महिन्यात कळलं कुठली रीत ते. कळलं, म्हणून राग जास्तच आलाय.

आता ऐका काय झालं. प्रजासत्ताक दिनाला झेंड्याजवळ नारळ फोडायचा मान. पंधरा ऑगस्टला खालच्या आळीचा, सव्वीस जानेवारीला वरच्या आळीचा. हे तुम्हीच लावून दिलंत ना? दोन्ही आळ्यांची डोकी फुटायची वेळ आली होती, तवा तुम्ही मधी पडून असं वाटून दिलंत, आन् तेव्हापासनं कुणी मोडलं न्हाई. पण तुम्ही ते कुठं लिहून ठेवलं न्हाई. तुमच्या मागनं जे आले त्यांना तुम्ही सांगितलंत, त्यांनी पुढच्याला सांगितलं, तोंडातोंडी चालत आलं. मोठे सर शिरूरला जाताना पोरीला चाव्या देऊन गेले, शिक्का देऊन गेले, माझ्याकडली गॅसची टाकी हलवून बघून तिला दाखवून गेले. नारळाचं काय कुणी सांगितलं न्हाई. मग तिनं काय केलं? शाळेच्या समितीचे अध्यक्ष समोर उभे, वयानं मोठे, टोपी-बिपी घातलेली. तिनं मानानं त्यांच्या हातात नारळ दिला. अध्यक्ष खालच्या आळीचे! आन् तो बाबा एवढा शहाणा की त्यालाबी ठावं असून त्यानं गुमान घेतला आन् फोडला. मी आत जिलेबी काढत होते. फुटल्याचा आवाज आला आन् मागनं टाळ्याच आल्या न्हाईत, तवाच मी हातातलं टाकलं. बाहेर आले तर वरच्या आळीची माणसं पोरांचे हात धरून फाटकातनं चाललेली. राष्ट्रगीत झालेलं तेवढं बरं.

दुसऱ्या दिवशी माझे चुलतदीर चार जणांना घेऊन शाळेत. "मॅडम, नारळ कुणाचा होता?" पोरीला वाटलं हिशेब विचारतायत. म्हटली, "दादा, किराणा दुकानातून आणला, पावती आहे." त्यांना वाटलं, थट्टा करती. झालं! मग काय काय बोलले ते मी लिहीत न्हाई, तुमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात बोलले म्हणून माझीच मान खाली गेली. मागं यवतच्या बाजाराच्या दिवशी तिनं पालकांची मीटिंग ठेवली होती, कप मांडून एकटीच बसली होती, तेबी उकरून काढलं. "हिला गावाची कदर न्हाई." अहो, तिला गाव दाखवलं कुणी? आता वरच्या आळीची पोरं येत न्हाईत. हायवेवरच्या इंग्लिश शाळेची पिवळी गाडी रोज आमच्या दारावरनं वाजत जाती. माझा नातू तेवढा वरच्या आळीतनं एकटा चालत येतो, ते माझ्या धाकानं. आन् पट कमी झाला की शाळा दुसरीकडं जोडतात हे सगळ्यांना ठावं हाय, तरी माणसं ताठून बसलीत. एका नारळापायी.

मी काय केलं ते ऐका, आन् हसू नका. मी दिराच्या दारात गेले. म्हटलं, "भावजी, त्या पोरीचं काय चुकलं न्हाई. नारळ कुणाला द्यायचा ते तिनं मला विचारलं होतं, मीच अध्यक्षांचं नाव सांगितलं. चूक माझी. बोलायचं ते मला बोला." तुमच्यासारखंच म्हटलं, अगदी तुमच्या आवाजात. मला वाटलं आता माणसं गप होतील. दीर दात कोरत बसलेला. म्हटला, "वहिनी, तुम्ही खिचडी बघा." आन् आतनं जाऊबाई हसली. बस्स. माझी चूक कुणी घेईचना! तुम्ही स्वतःच्या नावावर घेतली तर गाव हसून घरी गेलं, मी घेतली तर तिला चूक म्हणायलासुद्धा कुणी तयार न्हाई. गुरुजी, तवा कळलं की दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायलाबी आपलं काहीतरी वजन लागतं. ते ज्याच्याकडं हाय त्यानंच ते करायचं असतं.

मग ज्यांच्याकडं वजन हाय त्यांना फोन लावला. नातवानं लावून दिला. केंद्राच्या साहेबांना म्हटलं, "साहेब, तुम्ही एक दिवस या. दोन्ही आळ्यांना बोलवा. एवढंच म्हणा, बाई नवीन हाय, ह्या वर्षाचं काय असंल ते मला बोला." साहेब म्हटले, "मावशी, हा गावपातळीवरचा विषय आहे, तो माझ्या अखत्यारीत येत नाही." म्हटलं, मग तुमच्या अखत्यारीत काय येतं? फोटो? त्यांनी फोन ठेवला. मग शिरूरला मोठ्या सरांना लावला. त्यांना तर मी चांगलं झोडपणार होते. "सर, जाताना सांगून तरी जायचं!" ते गरीब माणूस. म्हटले, "मावशी, रात्रीत ऑर्डर आली आन् सकाळी सोडलं मला. डोक्यातनंच गेलं ओ. आन् इथं मीच नवा हाय. परवा गावजेवणात कुणाच्या पंगतीला आधी बसायचं ते चुकलं, तर अजून माझ्याशी कुणी बोलत न्हाई. मला तरी कोण सांगतंय?" माझा राग तिथंच लटकला. त्या माणसावर काय ओरडू?

म्हणून आता तुमच्यावर ओरडते. तुम्ही कोकणातल्या त्या एका मास्तरला वर्षभर पंखाखाली घेतलंत. तो पुढं कितीतरी वर्षं राहिला, गावानं त्याला निरोप देताना बाया रडल्या. पण तुम्ही ही गोष्ट कुणाला शिकवून गेलात? कुणाला म्हणून गेलात का, की बाबा, नवीन माणूस आला की वर्षभर त्याचं ओझं जुन्यानं उचलायचं, हा नियम करा, कागदावर आणा, वरच्या साहेबांच्या डोक्यात भरवा? न्हाई. तुमच्या सदऱ्याच्या खिशात घालून गेलात. आता खात्याकडं कागद लई हायत, हॉल हाय, पडदा हाय. "चूक झाली तर मला बोला" एवढं म्हणणारा माणूस तेवढा कुठं न्हाई. आन् पोरं कुठनं कुठनं येतायत नोकरीला. कोण यवतमाळची, कोण नांदेडची. त्यांची आई तिकडं फोनवर विचारती, जेवलीस का. ही "हो" म्हणती आन् फोन ठेवून माझ्याकडं बघून हसती. असलं हसू मला बघवत न्हाई.

आज शनिवार, सकाळची शाळा. वाढून झालं, पोरं गेली. ती आत आली आन् तांदळाच्या पोत्यावर बसली. ताट घेतलं न्हाई. रडली न्हाई, तेच वाईट. म्हटली, "काकू, मी सोमवारी राजीनामा टाकून राहिले. बाबाले फोन केला. ते म्हणाले, ये." मी म्हटलं, "आन् वर्ग?" म्हटली, "कोणीतरी येईलच नं." म्हटलं, "कोण येतंय? काळं कुत्रं बी येणार न्हाई इथं." मला गप बसायला जमत न्हाई, तुम्हाला ठावं हाय. मग माझ्या तोंडातनं निघून गेलं. म्हटलं, "आमचे गुरुजी होते ना, त्यांचंबी पहिल्या वर्षी असंच झालं होतं. गावानं बोल लावला. ट्रंक भरून एस्टीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले होते." तिनं वर बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यात काहीतरी हललं. म्हटली, "खरंच? ज्यांचा फोटो वर्गात आहे ते?" म्हटलं, "तेच." तर लगेच विचारती, "मग ते परत का फिरले?"

आता सांगा. मी काय सांगणार? मी पातेल्यात पाणी ओतलं, उगाच भांडी वाजवली आन् म्हटलं, "ते लांबलचक हाय. सोमवारी सकाळी सांगते, तोवर काय टाकू-बिकू नको." ती म्हटली, "बरं काकू, ऐकून मग टाकते." स्कूटी चालू करून गेली.

तर गुरुजी, कबूल करते. मी खोटं बोलले. तुमच्या पहिल्या वर्षाचं मला काहीएक माहीत न्हाई. तुम्ही कवा स्वतःचं काही बोललाच न्हाईत, आन् आम्हीबी कवा विचारलं न्हाई. आम्हाला वाटायचं तुम्ही आईच्या पोटातनंच गुरुजी होऊन आलात. तुमच्यासाठी कुणी गावापुढं उभं राहिलं होतं का, का तुमचं कुणीच न्हवतं म्हणून तुम्ही त्या मास्तरसाठी उभं राहिलात, तुम्ही खरंच कवा ट्रंक भरली होती का, ह्यातलं मला काहीच ठावं न्हाई. हे पत्र टाकायचं कुठं तेबी ठावं न्हाई, टाकणारच न्हाई. पण तुमच्या नावावर मी एक थांबा, एक ट्रंक आन् एक एस्टी उभी करून ठेवलीय, आन् ती पोरगी तिथं तुमच्याकडं बघत बसलीय. मनानं काहीतरी जोडून सांगायचं म्हटलं तर ती शिकलेली हाय, दुसऱ्या वाक्याला धरंल मला. तेव्हा मला तुमच्याकडनंच पाहिजे, आन् खरं पाहिजे. सोमवारी शाळा भरायच्या आधी ती माझ्या दारात उभी राहणार. उद्या रविवार. दिवेलागणीच्या आत मला कळवा, तुम्ही का राहिलात. कसं कळवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला सबब सांगायची न्हाई.